दुखणं लिहून कळवा

सांगलीच्या एका होमिओपॅथ डॉक्टरांकडे आई मला घेऊन गेली, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाळदम्यानं घराला जेरीस आणलं होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, बाजूला ठेवली आणि एक लांबडी वही उघडून ते आईकडे वळले. खोकला रात्री कितीच्या सुमाराला येतो? आडवी झाली की लगेच, की झोपेतून उठवतो? उशी उंच केली की बरं वाटतं का? पाणी घोटघोट पिते की तांब्या तोंडाला लावते? घाम कुठं येतो, कपाळाला की मानेला? ढग गडगडले की बिलगते का? आई आधी बिचकली. नंतर बोलत सुटली. मी झोपेत दात खाते, दमा उसळायच्या आदल्या दिवशी कारण नसताना हट्ट करते, थंडीपेक्षा ढगाळ हवेत जास्त हैराण होते. माझ्याविषयीच्या या गोष्टी मलाही ठाऊक नव्हत्या. डॉक्टर सगळं उतरवून घेत होते, आईच्याच शब्दांत.

साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या मी पुढं दोन वर्षं चघळल्या. दमा गेला, पण तो गोळ्यांनी गेला असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मुलांचा बाळदमा वाढत्या वयात आपसूक ओसरतो, आणि काटेकोर चाचण्यांत होमिओपॅथीची औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलेली नाहीत. त्या अर्ध्या तासातले प्रश्न मात्र मनात राहिले. समोर बसलेल्या पोरीला तपासण्यापेक्षा तिची हकिकत इतक्या बारकाईनं विचारायची, ही रीत आली कुठून? माग काढत गेले तेव्हा एका निराळ्याच जगात पोचले. तिथल्या डॉक्टरांना समोर पेशंट नसायचाच. त्याचं पत्र तेवढं असायचं.

अठराव्या शतकातल्या युरोपात टपालानं उपचार घेणं ही नित्याची गोष्ट होती. नामांकित डॉक्टर शहरात, आजारी माणूस शेकडो मैलांवर, मधे चिखलाचे रस्ते. प्रवासानं दुखणं बळावायची भीती. मग माणूस कागद घ्यायचा आणि आपलं दुखणं लिहून पाठवायचा. त्या काळी पाकीट नसे. कागदाचीच घडी घालायची, कोऱ्या राहिलेल्या बाजूवर पत्ता लिहायचा आणि कडेला लाखेचं सील लावायचं. टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि तो बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. दुखण्याची हकिकत सांगायची ती जास्तीत जास्त एका-दोन कागदांत बसवून.

अशा पत्रांचा एक फार मोठा साठा एडिंबऱ्याच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहे. विल्यम कलेन या डॉक्टरला आलेली पत्रं आणि त्यानं पाठवलेली उत्तरं मिळून ती पाच हजारांवर भरतात. ग्लासगो विद्यापीठानं ती एकेक करून वाचून, उतरवून सगळ्यांसाठी खुली केली आहेत. एका माणसाच्या दवाखान्याची दोन्ही बाजूंची इतकी कागदपत्रं त्या काळातली क्वचितच टिकली आहेत.

कलेन १७१० साली स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन गावी जन्मला. ग्लासगोत औषधं कुटण्याची उमेदवारी केली, जहाजावरचा वैद्य होऊन वेस्ट इंडीजला जाऊन आला, गावी परतून दवाखाना थाटला. पुढं ग्लासगोत आणि १७५५पासून एडिंबऱ्यात प्राध्यापक झाला. वैद्यकाची व्याख्यानं लॅटिनमध्येच द्यायची, असा दंडक असलेल्या काळात तो इंग्रजीतून शिकवायचा. आज आपण सहज वापरतो तो ‘न्यूरोसिस’ हा शब्द त्यानंच वैद्यकात आणला. शरीराचं सारं यंत्र मज्जातंतूंच्या ताणावर आणि शिथिलतेवर चालतं, अशी त्याची धारणा होती. एडिंबऱ्याच्या जुन्या टांकसाळीच्या आवारात त्याचं घर होतं. त्याच्याविषयी असं सांगतात, की आलेले पैसे तो एका उघड्या खणात टाकायचा आणि त्यातून तो आणि बायको लागेल तसे काढून घ्यायचे. १७९० साली तो गेला तेव्हा मागं पैसा फारसा नव्हता, पत्रं मात्र होती.

ती राहिली, कारण तो प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवायचा. आधी लेखनिक वह्यांमध्ये उतरवून घेत. वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटनं १७८० साली नक्कल काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षापासून कलेननं ते वापरायला सुरुवात केली. यंत्र साधंच होतं. खास शाईनं लिहिलेल्या पत्रावर पातळ, ओलसर कागद ठेवायचा आणि दाबायचा. शाईचा अंश वरच्या कागदात उतरायचा. उमटलेली अक्षरं अर्थातच उलटी, आरशातल्यासारखी. पण कागद इतका झिरझिरीत, की पालथा करून दुसऱ्या बाजूनं पाहिलं की अक्षरं सुलटी. कलेनच्या नंतरच्या पुष्कळ उत्तरांच्या नकला अशा आहेत. फिकट तपकिरी, कुठं शाई फुटलेली, कुठं अर्धी ओळ विरलेली. तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायच्या दुपट्याइतके तलम कागद, आणि त्यांवर कुणाच्या पोटदुखीला दिलेलं उत्तर. संगणकाच्या पडद्यावर पाहतानाही मला ते कागद हातात घेतल्यासारखे वाटले.

लिहिणारे सहसा बऱ्या घरातले असत: जमीनदार, पाद्री, व्यापारी, वकील, त्यांच्या बायका, मुलं. कधी गावातला डॉक्टर किंवा औषधवाला पेशंटच्या वतीनं लिही. बाईच्या दुखण्याचं पत्र पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा बापाच्या हातचं असे. तिला काय होतंय हे तो त्याच्या शब्दांत लिही आणि तिचं म्हणणं दोन ओळींच्या फटीतून हुडकून काढावं लागे. आलेल्या दुखण्यांवरही टपालाच्या वेगाचा ठसा आहे. तीन दिवसांत माणूस या पार की त्या पार करणाऱ्या तापासाठी पत्र लिहून उपयोग नव्हता. उत्तर पोचेपर्यंत ताप तरी उतरलेला असायचा, नाहीतर माणूस तरी गेलेला. म्हणून पत्रांतून येणारी दुखणी रेंगाळणारी. संधिवात, अपचन, जुनाट खोकला, क्षय, झोप न लागणं, अंगात त्राण नसणं, मन उदास राहणं.

कलेनच्या उत्तरात बहुतेक वेळा दोन गोष्टी असत. सल्ला इंग्रजीत, पेशंटनं वाचण्यासाठी. औषधांची यादी लॅटिनमध्ये, औषधवाल्यानं वाचण्यासाठी. सल्ल्यात औषधापेक्षा दिनचर्येला जास्त जागा मिळायची. काय खायचं, किती वाजता, मांस किती, दूध किती, दारू किती. फ्लॅनेलचे कपडे घालायचे की नाही, गार पाण्यानं अंघोळ करायची की कोमट. रपेट किती करायची. रपेटीवर तर त्याचा भारी भरवसा. १७६० साली अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ आजारी पडला, तेव्हा कलेननं त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की येता हिवाळा काढायचा असेल तर सप्टेंबर लागायच्या आत घोड्यावरून निदान पाचशे मैल फिर. स्मिथनंच हे एका पत्रात लिहून ठेवलं आहे. संपत्तीशास्त्रावरचा त्याचा महाग्रंथ निघायला अजून सोळा वर्षं होती.

पेशंट समोर नसल्यामुळे उत्तरात ‘जर’ फार असत. असं झालं तर हे करा, तसं झालं तर थांबा, खोकल्याबरोबर रक्त पडलं तर लगेच कळवा. आजारानं पुढं कोणती वाट धरली असेल ते डॉक्टरला ठाऊक नसायचं, म्हणून तो सगळ्या वाटा आधीच आखून द्यायचा. या उत्तरांत मला सगळ्यात जास्त माया कुठं दिसली असेल, तर या ‘जर’मध्ये.

त्यातली पुष्कळ औषधं निरुपयोगी होती, काही घातकही होती, हेही सांगायला हवं. रक्त काढणं, कातडीवर फोड उठवणं, जुलाब देऊन कोठा रिकामा करणं हे त्या काळचे सर्रास उपचार. पत्रातून आले म्हणून ते सौम्य होत नाहीत.

१७८४च्या मार्चमध्ये एडिंबऱ्याच्या डॉक्टरांकडे एका लंडनच्या पेशंटची हकिकत आली. पेशंट सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता, वय ७४. दमा आणि जलोदरानं तो घरात अडकला होता. आपल्या डॉक्टरांना माझ्या दुखण्याविषयी विचार, असं त्यानं आपला मित्र जेम्स बॉस्वेल याला कळवलं आणि बॉस्वेलनं कलेन, होप आणि मन्रो या तिघांना पत्रं घातली. तिघांनीही त्याला न पाहता, मन लावून उत्तरं दिली. जॉन्सन त्याच डिसेंबरात वारला. शब्दांचे अर्थ नेमके करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची धाप दुसऱ्याच्या शब्दांतून डॉक्टरांपर्यंत पोचली, हे वाचताना मी बराच वेळ पान उलटलं नाही.

दुखणं शब्दांत पकडणं सोपं नसतं. आपल्या भाषेत त्यासाठी केवढा साठा आहे! पोटात कळ येते, मुरडा येतो, गोळा उठतो, ढवळतं, कालवतं. सांधा ठणकतो, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, दातातून सणक जाते. डोकं भणभणतं, जड होतं, ठणठणतं. अंग मोडून येतं, कसकसतं. ज्यानं हे शब्द ऐकत उभी हयात काढली, त्या डॉक्टरला ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांच्यात शरीराच्या दोन वेगळ्या जागा दिसतात. आता मोठ्या दवाखान्यांमध्ये विचारतात, वेदना एक ते दहामध्ये किती? आई म्हणते, सहा. आणि गप्प होते.

दुखणं कसं लिहावं हे लोकांना शिकवण्याचं काम केलं लोझानच्या सॅम्युएल ओगुस्त टिसोनं. स्वित्झर्लंडमधल्या या डॉक्टरनं १७६१ साली खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी आरोग्याचं एक पुस्तक काढलं. पुस्तक युरोपभर गाजलं, किती तरी भाषांत गेलं. त्याच्या शेवटी एक प्रश्नावली आहे. डॉक्टरनं पेशंटला पाहिलेलं नसेल, तर त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. वय किती? आजारापूर्वी तब्येत कशी होती? दुखणं किती दिवसांचं, सुरुवात कशी झाली? ताप आहे का, नाडी कठीण की मऊ? झोप, तहान, भूक, शौच, लघवी? बाई असेल तर पाळी, गरोदरपण. मूल असेल तर नेमकं वय, दात किती आले, जंत पडतात का, देवी येऊन गेल्या का? पुढं सांगलीत माझ्या आईला विचारले गेले त्या प्रश्नांची ही एक थोरली बहीण.

टिसोला आलेली हजाराहून जास्त कागदपत्रं लोझानच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतला एक गट वाचवत नाही. १७६० साली टिसोनं हस्तमैथुनावर पुस्तक लिहिलं. त्या सवयीनं दृष्टी जाते, कणा झिजतो, माणूस खंगून मरतो, असं त्याचं म्हणणं. ते साफ चूक होतं. पण पुस्तक वाचून तरुण मुलं हादरली आणि त्याच लेखकाला पत्रं लिहू लागली. बापाला सांगता येत नाही, गावातल्या डॉक्टरला सांगता येत नाही, ते त्यांनी अनोळखी माणसाला कागदावर सांगितलं. तोंडानं जे निघालं नसतं ते पत्रानं बाहेर काढलं, हा पत्राचा मोठेपणा. पण त्यांच्या भीतीचं मूळ त्यांना उत्तर देणाऱ्याच्याच पुस्तकात होतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतल्या ‘डॉक्टरांचा सल्ला’ सदरांतही धातू जाण्याच्या भीतीनं लिहिलेली पत्रं असायची. त्या मुलांना वेळेवर खरं सांगणारं कुणी भेटलं असेल, अशी आशा करते.

टिसोची प्रश्नावली निघाली त्याच १७६१ साली दुसरीकडे दोन पुस्तकं आली. व्हिएन्नात लेओपोल्ड आऊएनब्रुगर यानं लिहिलं, की छातीवर बोटांनी ठोकून पाहिलं तर आवाजावरून आत पाणी आहे का ते कळतं. इटलीतल्या पादुआत मोर्गान्यी या ७९ वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञानं सुमारे सातशे शवविच्छेदनांचा हवाला देऊन दाखवलं, की आजाराची जागा शरीरात असते आणि मेल्यावर ती डोळ्यांनी पाहता येते. मोर्गान्यीचा हा ग्रंथ एका तरुण मित्राला लिहिलेल्या सत्तर पत्रांच्या रूपात आहे. तो स्वतःही पत्रातून सल्ला द्यायचा. पण त्याच्या ग्रंथानंतर प्रश्न हळूहळू बदलत गेला. ‘तुम्हाला काय होतंय?’ याच्या जागी ‘तुम्हाला कुठं होतंय?’ आलं, आणि त्याचं उत्तर पत्रातून देता येत नव्हतं.

पुढचं पाऊल १८१६ साली पॅरिसमध्ये पडलं. नेकर हॉस्पिटलमध्ये एका तरुण बाईच्या हृदयाचे ठोके ऐकायचे होते. छातीला कान लावणं रेने लेनेकला प्रशस्त वाटेना. त्यानं कागदाचा एक दस्ता घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला. ठोके पूर्वी कधी आले नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. लाकडाची नळी नंतरची. कालपर्यंत ज्या कागदावर पेशंट आपलं दुखणं लिहून पाठवायचा, तोच कागद आता गुंडाळून त्याच्या छातीला लागला. आता पेशंट गप्प राहिला तरी त्याची छाती बोलणार होती.

हे योग्यच झालं. ठोकून, ऐकून, रक्त तपासून, फोटो काढून जे कळतं ते कुठल्याही पत्रानं कळलं नसतं. क्षयाचा जंतू कुणाला पत्रातून सापडला नाही. पण पत्रामुळे जी सवय लागली होती, ती काही ठिकाणी टिकून राहिली. माझ्या सांगलीच्या डॉक्टरांपर्यंत ती ज्या वाटेनं आली, तिच्यात कलेन पुन्हा भेटतो.

१७९० साली लायप्झिगजवळ सॅम्युएल हानेमान हा पोटासाठी भाषांतरं करणारा डॉक्टर कलेनचा औषधींवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणत होता. हिवतापावर सिंकोनाची साल का चालते याचं कलेननं दिलेलं कारण, की ती कडू आणि तुरट असल्यानं पोटाला बळ देते, हानेमानला पटलं नाही. त्यानं काही दिवस स्वतःच ती साल खाऊन पाहिली. अंगात हिवतापासारखीच लक्षणं उठली, असं त्यानं नोंदवलं आणि त्यातून होमिओपॅथीची कल्पना निघाली. निष्कर्ष चुकला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात आणि मला ते पटतं. पण १८१०च्या आपल्या ग्रंथात त्यानं हकिकत घेण्याचे जे नियम सांगितले, ते पाहा. पेशंटला मधे तोडू नका. त्याचेच शब्द उतरवा. प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर लिहा, म्हणजे पुढं भर घालता येईल. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका.

हानेमानचा दवाखानाही पुष्कळसा टपालावर चालायचा. लायप्झिगच्या औषधविक्रेत्यांशी वाद झाल्यावर १८२१ साली तो क्योथेनला गेला. तिथून तो दूरदूरच्या पेशंटना आकडे घातलेल्या पुड्या पाठवायचा: एक नंबरची आज, दोन नंबरची उद्या. काही पुड्यांत नुसती दुधाची साखर असे. पेशंट रोजची लक्षणं टिपून त्याला लिहायचे. ती हजारो पत्रं आणि त्याच्या ५४ रुग्णवह्या आज श्टुटगार्टमध्ये आहेत. पुडीत साखर असेल, पण रोज रात्री बसून स्वतःकडे बघायचं, आज काय झालं, कधी झालं, कशानं वाढलं हे लिहायचं, आणि ते वाचणारं कुणीतरी आहे हे ठाऊक असायचं, याचा काहीच गुण आला नसेल असं मला म्हणवत नाही.

२५ मार्च २०२० या दिवशी भारत सरकारनं दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. व्हिडिओ, फोन, मेसेज, ईमेल, सगळ्यांना परवानगी मिळाली. पेशंटला न पाहता काय द्यावं आणि प्रत्यक्ष तपासायला कधी बोलवावं, हे डॉक्टरच्या विवेकावर सोपवलं गेलं. देशभर टाळेबंदी होती. पेशंट आणि डॉक्टर यांच्यात पुन्हा अंतर पडलं आणि दुखणं पुन्हा लिहून पाठवावं लागलं.

त्याच उन्हाळ्यात आईला त्रास सुरू झाला. रात्री साडेनऊचा सुमार. आमच्या डॉक्टरांना मेसेज करायला मी फोन घेतला आणि लिहिलं, ‘आईला दम लागतोय.’ पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं.

तिनं मान हलवली. “दम नाही लागत गं. दम जिना चढून लागतो. श्वास पुरत नाही, असं लिही. घेते, आणि मधेच संपतो.”

मी खोडलं आणि तसंच लिहिलं. पाच मिनिटांनी डॉक्टरांचा उलट प्रश्न आला. आडवं झाल्यावर वाढतं का? उशा किती लागतात?

आईनं दोन बोटं वर केली.

‘दोन’, मी लिहिलं. ती थांब म्हणाली, म्हणून थांबले, आणि तिच्या सांगण्यावरून खाली आणखी एक ओळ घातली: ‘गेल्या आठवड्यापर्यंत एक पुरायची.’

लगेच घेऊन या, असं उत्तर आलं.